चोराला पुढे पाठवा

आमच्याकडे पार्टी म्हणजे भरीत पार्टी. थंडी पडली की कुणाच्या तरी मळ्यात विहिरीजवळ जमायचं, कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर हिरवी, पांढऱ्या रेघांची भरताची वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत कुटायची. वरून तेल, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. या पार्टीत कुणाला घ्यायचं याचा लेखी नियम नाही, पण हिशेब पक्का असतो. एकाचा मळा, दुसऱ्याची वांगी, तिसऱ्याच्या घरची बडगी, चौथ्याचं मनगट. पाचवा नुसता गप्पा हाणायला येतो, आणि तो नसला तर भरीत घशाखाली उतरत नाही.

पार्टी या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातली टोळी, मला चौदाव्या वर्षी कळला. साल २००५, गाव अमळनेर. अण्णा शाळामास्तर. शाळेची कागदपत्रं टाइप करायला म्हणून त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला होता. (अमळनेरच्या माणसापुढे कॉम्प्युटरचा विषय काढू नये. विप्रो १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, हे तो ऐकवल्याशिवाय राहत नाही. मीही राहिलो नाही.) पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला मावसभाऊ मे महिन्यात आला तो सीडींचं पाकीट घेऊनच. त्यात एकट्या ‘बाल्डर्स गेट’च्या पाच सीड्या होत्या आणि शेजारी ‘आइसविंड डेल’. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि पडद्यावर बर्फ पडतंय. तो गारवा मला अजून आठवतो.

या खेळांत लढाई नंतर येते, आधी प्रश्न येतात. तू बाई की बाप्या, माणूस की एल्फ की बुटका ड्वॉर्फ, तुझा धंदा काय. चौथा प्रश्न अलाइनमेंटचा, म्हणजे तू कसा माणूस आहेस याचा. फुली-गोळ्यासारखी नऊ घरं असतात. आडव्या बाजूला कायद्याने चालणारा, मधला आणि मनाला येईल तसा वागणारा. उभ्या बाजूला भला, मधला आणि दुष्ट. लॉफुल गुड एका कोपऱ्यात, केऑटिक ईव्हिल त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, आणि मधोमध ट्रू न्यूट्रल, म्हणजे कुणाच्याच अध्यातमध्यात नसलेला. ही नऊ घरं कॉम्प्युटरची नव्हेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ काढला, त्यात तीनच बाजू होत्या: कायदा, गोंधळ आणि मधले. भलं-बुरं हे त्यात नव्हतंच. ते मागाहून जोडलं गेलं आणि १९७८च्या नियमपुस्तकात नऊ घरं पुरी झाली. कॉम्प्युटरवाल्यांनी ती उचलली.

मी लॉफुल गुड घेतलं. कोण नाही घेत?

आबा, म्हणजे माझे आजोबा, मागे खाटेवर पडून पंख्याकडे बघत होते. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तू कसा माणूस आहेस असं कॉम्प्युटर विचारतोय. ते उठून बसले. म्हणाले, “माणूस कसा शे, हाई तो सोता सांगस का? गाव सांगस.” आणि परत आडवे झाले.

पुढे कितीतरी वर्षं मला वाटत होतं की या खेळांच्या इतिहासावर याहून नेमकं कुणी बोललेलं नाही.

कारण तो इतिहास म्हणजे याच वाक्याशी चाललेली झटापट आहे. १९८१ साली ‘विझर्ड्री’ आला. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी बनवलेला. त्यात तुम्ही एका दारूच्या गुत्त्यात बसून सहा जणांची टोळी जमवता, तिघं पुढे लढायला, तिघं मागे. प्रत्येकावर भला, मधला किंवा दुष्ट असा छाप असतो, आणि भले-दुष्ट एका टोळीत बसत नाहीत. गुत्तेवाला बसूच देत नाही. मधला कुठेही चालतो. लॉर्ड व्हायचं तर भला हवा, निन्जा व्हायचं तर दुष्ट. आणि चोर भला असूच शकत नाही, तो मधला असतो नाहीतर दुष्ट. तेव्हा सज्जनांच्या टोळीला कुलपं उघडून हवी असतील तर ‘मधला’ चोर शोधायचा. पंचायतीच्या पॅनेलात दोन्हीकडे चालणारा एक माणूस ठेवतात, तसंच. गंमत पुढे आहे. गुत्त्यात जमत नाही ते भुयारात जमतं. एकाला खाली भुयारात सोडून यायचं, मग विरुद्ध छापाच्या टोळीने खाली उतरून त्याला उचलायचं. जुने खेळाडू हे सर्रास करत. चारचौघांत एका ताटात जेवत नाहीत आणि मळ्यात एका काडीवर बिडी पेटवतात, हे अमेरिकेतल्या दोन पोरांना कुणी सांगितलं कोण जाणे.

विझर्ड्रीत छाप बदलतोही. वाटेत राक्षस भेटतात, त्यातले काही दोस्ताना दाखवतात. अशांवर भल्याने हात उचलला तर तो दुष्टाकडे सरकू शकतो, आणि दुष्टाने त्यांना सोडून दिलं तर तो भल्याकडे. म्हणजे करणी मोजली जातेय.

१९८५ साली रिचर्ड गॅरियटने ‘अल्टिमा’चा चौथा भाग काढला, त्याने तर राक्षस मारून जग वाचवणं हेच बाजूला ठेवलं. त्यात आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचं असतं. शब्द आपलाच. सुरुवातीला जत्रेत एक बाई पत्ते मांडून पेचाचे प्रश्न विचारते, आणि उत्तरांवरून तुम्ही योद्धा की मेंढपाळ ते ठरतं. त्यात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी दुकानदारीण आहे. ती किंमत सांगते, पैसे तुम्ही मोजून ठेवायचे. कमी ठेवले तर ती हूं की चूं करत नाही. खेळही करत नाही. आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा खाली जातो आणि तो तुम्हाला दाखवतही नाहीत. शेवटाकडे अडता, तेव्हा कळतं. मी हा खेळ फार उशिरा, नोकरी लागल्यावर खेळलो. पहिल्याच खेपेला तिला कमी पैसे दिले. कुणी बघत नव्हतं ना.

पण चौदाव्या वर्षी माझ्या हातात होता बाल्डर्स गेट. १९९८चा, बायोवेअर कंपनीचा. त्यात आबांचं गाव आहे. गावाचा आकडाच आहे म्हणा ना: रेप्युटेशन, जास्तीत जास्त वीस. चांगली कामं केली की चढतं, निरपराध माणूस मारला की धाडकन पडतं. चढलं की दुकानदार भाव कमी करतात, फारच पडलं की शिपाई दिसेल तिथे अंगावर येतात. देवळात पैसे टाकूनही ते वाढतं. हे बघून मी एकटाच हसलो होतो, कारण आमच्या देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे, आणि तो सोसायटीत काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि टोळी. तुम्ही आणि आणखी पाच जण, प्रत्येकाचं आपलं एक त्रांगडं. खालिद आणि जहीरा नवरा-बायको. तो अडखळत बोलतो, ती त्याच्या वाटचंही बोलते, आणि एकाला काढलं की दुसरं चालू लागतं. मिन्स्क हा डोक्याने थोडा सरकलेला आडदांड गडी, पाळलेल्या हॅम्स्टरचा, म्हणजे उंदरासारख्या प्राण्याचा, सल्ला घेणारा. त्याची डायनाहेर नावाची जादूगारीण कैदेत आहे, तिला सोडव म्हणतो. एडविन नावाचा दुसरा जादूगार म्हणतो, तिला मार. दोघांना एका टोळीत घेऊन बघा. गावाचं मत फार बिघडलं तर भले लोक सोडून जातात, आणि फार सुधारलं तर दुष्ट लोक कुरकुरायला लागतात आणि तेही निघून जातात. चांगुलपणामुळेसुद्धा माणसं तुटतात, हे मला तिथेच पहिल्यांदा दिसलं. आणखी एक. गाव ओलांडायचं तर सगळी टोळी एका जागी जमलेली लागते. एक जण मागे राहिला तर खेळ दार उघडत नाही.

हे सगळं मी एकट्याने खेळलो. खरी पार्टी जमली ती दुसऱ्या खेळात.

आइसविंड डेल हा २०००चा. त्याचं इंजिन बाल्डर्स गेटचंच, पण यात सोबती आयते भेटत नाहीत. सहाही जण तुम्हीच घडवायचे. आणि गल्लीत आम्ही नेमके सहा होतो. घर माझं, कॉम्प्युटर माझा, म्हणून मी पॅलाडिन. पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, तो फक्त लॉफुल गुडच असतो आणि त्याच्या करिश्म्याचा आकडा निदान सतरा लागतो. मेडिकल दुकानवाल्याचा पोरगा क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा. वर्गात पहिला येणारा जादूगार. त्याचे आगीचे गोळे शत्रूइतकेच आम्हालाही भाजायचे, आणि दर वेळी तो “थोडं सरकायचं ना रे” म्हणायचा. दोन जण तलवारवाले. सहावा उशिरा आला. तेव्हा शेतीची वीज रात्रीची असायची, त्याचा बाप दुसऱ्याच्या मळ्यात पाणी भरायला जायचा आणि हाही सोबत जायचा. दिवसा झोपून चार वाजता उगवायचा. तोवर उरला होता चोर.

त्याला चालत होतं. चोराला लपता येतं म्हणून खूशही होता. मग अलाइनमेंटचं पान आलं. आम्ही पाचही जणांनी लॉफुल गुड नाहीतर त्याच्या शेजारचं काहीतरी घेतलेलं. त्यानेही लॉफुल गुड मागितलं. ते मिळेना. बाकीच्या आठांवर उजेड, ते एक घर बंद. मी माहीतगाराच्या थाटात सांगितलं की चोराला लॉफुल गुड होता येत नाही, नियम आहे.

“कोनी करा नियम?” तो म्हणाला.

मी म्हटलं, अमेरिकेत.

त्याने न्यूट्रल गुड घेतलं आणि आम्ही निघालो. या खेळात चोराचं काम फार. दार दिसलं की चोर, पेटी दिसली की चोर, बोळ दिसला की चोर. सापळे त्यालाच दिसतात. दिवसभर आमच्या खिडकीतून एकच गिल्ला गल्लीत जायचा: चोर कुठंय, चोराला बोलवा, चोराला पुढे पाठवा! तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याची माय दारात उभी. कामावरून तशीच आलेली, कमरेला विळा. “मन्हा आंडोरले चोर म्हनतस का रे?” आम्ही सहाही जण, हो, तोसुद्धा, एकदम बोलायला लागलो: खेळ आहे मावशी, कॉम्प्युटरमधला आहे, खोटा आहे. तिने पडदा बघितलाच नाही. पोराच्या दंडाला धरलं आणि घेऊन गेली.

मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. अण्णांना वाटलं नाही. संध्याकाळी ते तिच्या घरी जाऊन आले, आणि आल्यावर मला एवढंच म्हणाले की शब्द बदला, कुलूपवाला म्हणा. का, ते पुष्कळ वर्षांनी कळलं. ज्या जमातीतला तो, तिच्यावर इंग्रज सरकारने गुन्हेगार जमात असा छाप मारला होता. तो कायदा १८७१चा, पुढे देशभर लागू झालेला आणि १९५२ साली रद्द झालेला. या कायद्याने माणूस काय करतो हे बघायची गरज ठेवली नव्हती, कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे. त्याच्या पणज्याला हजेरी द्यावी लागायची. कायदा जाऊन त्रेपन्न वर्षं झाली होती, आणि आम्ही पाच सज्जन खिडकीतून ओरडत होतो.

खानदेशाला हे नवीन नाही. जेम्स आऊट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ साली भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होतं त्यांच्याच हातात बंदोबस्त दिला. शाळेत आम्हाला हे आऊट्रमची हुशारी म्हणून शिकवलं. असेल. पण बोळात पुढे कोण आणि मागे उभं राहून नकाशा बघणारा कोण, ते त्यातही ठरलेलंच होतं.

अण्णांचा ‘कुलूपवाला’ मात्र काळाच्या पुढे नव्हता, बरोबरीने होता, हे मला नंतर वाचताना सापडलं. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती २००० साली निघाली, तिच्यात थीफ हे नाव काढून ‘रोग’ (इंग्रजी rogue, म्हणजे लबाड) केलं, आणि त्याला नऊही घरं मोकळी केली. आमच्या हातातला खेळ दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालत होता. थोडा उशिरा आला असता तर पोराला हवं ते मिळालं असतं.

आबांच्या वाक्याला तडा गेला तो इथे. गाव सांगतं. बरोबर. पण गाव काय सांगतं? शेतातली मोटारीची केबल गेली की आबा पहिलं नाव कुठल्या वस्तीचं घ्यायचे, ते मी कानाने ऐकलंय. आबा देवमाणूस होते, वारीला जायचे, मजुराचा पैसा कधी बुडवला नाही. तरी घ्यायचे. बाल्डर्स गेटमध्ये व्हिकोनिया नावाची एक बाई आहे. ड्राऊ, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या काळ्या एल्फांच्या जातीची. एक शिपाई तिच्या मागे लागलाय, ती मदत मागते. तिला टोळीत घेतलं की रेप्युटेशन खाली येतं. तिने अजून काही केलेलं नसतं, तुम्हीही नसतं. नुसती सोबत घेतली म्हणून. चौदाव्या वर्षी मी तिला घेतलं नव्हतं, कारण मला वीस करायचे होते.

(ती खरोखर न्यूट्रल ईव्हिल आहे, तिच्या पानावर लिहिलेलं असतं. म्हणजे शिपायाचा संशय अगदीच पोकळ नव्हता, असं कुणी म्हणेल. मीही बरीच वर्षं म्हणायचो.)

तो आठवड्याने परत आला. मायने काय म्हणून सोडलं, त्याने सांगितलं नाही. आम्ही कुलूपवाला म्हणायला लागलो, दोन दिवस आठवणीने, मग परत चोर, फक्त हळू आवाजात. व्हेल ऑफ शॅडोजमधल्या थडग्यांत आम्ही उतरलो, तिथे सांगाड्यांची गर्दी. त्याचा गडी पुढे गेला, सापळा फुटला, गडी मेला. सेव्ह केलेलं नव्हतं. मी म्हटलं, जुन्यापासून परत लावू. तो म्हणाला, “या टाइमले तू जा ना पुढे.”

“पॅलाडिनला सापळे दिसत नाहीत.”

“मरशी. मंग रीलोड करू. मी किती वेळ मरनू?”

कुणी मोजलं नव्हतं. मी काही उत्तर द्यायच्या आत लोडशेडिंगची वेळ झाली आणि पडदा काळा पडला. त्या काळी वीज गेली की सहा-सहा तास. आम्ही अंधारात ओट्यावर जाऊन बसलो आणि विषय राहून गेला. माझा पॅलाडिन शेवटपर्यंत एकदाही पुढे गेला नाही. नियम माझ्या बाजूने होते, आणि पॅलाडिनचा सगळा दिमाख नियमांवरच तर असतो. अंगावर ओरखडा नाही, छाप स्वच्छ. नऊ घरांचा तक्ता माणूस कसा आहे ते सांगतो. तो उभा कुठे आहे, ते त्यात लिहायला जागा नाही.

दहावीचं वर्ष आलं, अण्णांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं. खेळ अर्धाच राहिला. हार्ड डिस्क नंतर भंगारात गेली, सहाही जण तिच्यात.

आता पुतण्या ‘बाल्डर्स गेट थ्री’ खेळतो. २०२३चा, लारियन कंपनीचा. त्यात टोळी चौघांची आणि खेळाडूला अलाइनमेंट विचारतच नाहीत. तो प्रश्नच काढून टाकलाय. मी त्याला नऊ घरं समजावून सांगायला बसलो, तर तो म्हणाला, “काका, पण मग आधीच ठरलं तर खेळायचं कशाला?” आबांची जागा घराण्यात रिकामी राहणार नाही असं दिसतंय.

गेल्या डिसेंबरात भरीत पार्टी ठरली, सहापैकी पाच जण जमले. जादूगार परदेशात आहे. क्लेरिकचं अजून मेडिकलच. सहावा आता गावोगावी मोटारी दुरुस्त करतो, बोरी नदीकाठचा एक लहानसा तुकडा त्याने स्वतः विकत घेतलाय, आणि पार्टी त्याच्याच मळ्यात होती. वांगी भाजून झाली, सोलून झाली. बडगी आणि तेलाचा डबा मोटारीच्या खोलीत. खोलीला कुलूप. किल्ली तो घरी विसरून आलेला.

आम्ही चौघांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ठरवून नव्हे. हातात तार घेऊन तो पुढे होणार असं धरूनच चाललो होतो. तो वांग्याचं साल नखाने काढत बसला होता, तसाच बसून राहिला.

“आते मी पॅलाडिन शे,” म्हणाला. “तू जा, उघाड.”

मी विहिरीच्या कडेचा एक दगड उचलला. कुलूप चांगल्यातलं होतं. पहिला घाव माझ्याच अंगठ्यावर बसला, आणि मागे कुणीतरी ओरडलं, सेव्ह केलंय का रे.